६०० तिकिटं, १२ वाटे आणि एक दिवाळी बंपर: वागळे इस्टेटमधलं एक प्रकरण

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना विचारूनच लिहितोय, फक्त नावं बदललीत आणि लॉटरी कुठल्या राज्याची ते लिहीत नाही. मी ठाण्यात वागळे इस्टेटला रोड नंबर १६ च्या बाजूला एका छोट्या वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघतो. तिथेच लेथवर माझा मावसभाऊ आहे, सुरेशदादा, वय ४६, राहायला किसननगरला, घरी वहिनी आणि तेव्हा बारावीत असलेली मुलगी. दादा बाकी काही व्यसन नसलेला माणूस, पण दिवाळी आणि गुढीपाडव्याला एक एक बंपरचं तिकीट घ्यायचं हे त्याचं वर्षानुवर्षं चालत आलेलं, आणि त्यात मला कधीच काही वावगं वाटलं नाही, १०० रुपयात महिनाभर माणूस खुशीत राहतो तर राहू दे.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला की एक एक तिकीट घेऊन कोणाला लागतं, घ्यायचं तर गठ्ठ्याने घ्यायचं. बोलता बोलता ८ जण तयार झाले, १२ वाटे पडले. दादाचे ३, म्हात्रेकाकांचे २, पवारांचे २, नितीनचा १, बाकी चौघांचा एक एक. एकूण ६०० तिकिटं. स्टेशनजवळच्या दुकानदाराने १०० चं तिकीट ९५ ला लावलं, म्हणजे ५७,००० रुपये, वाट्याला ४,७५०.

दुकानदाराने वर एक गोष्ट सांगितली आणि सगळे त्यावरच भाळले. तो म्हणाला सलग १०० घेतलीत तर बक्षीस हमखास, लागलं नाही असं होणारच नाही, आणि तुम्ही तर ६०० घेताय. हे खोटं नव्हतं बरं का, अगदी खरं होतं. सगळी गडबड तिथेच आहे.

दादा संध्याकाळी माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "तू हिशोबाचा माणूस, जरा बघून सांग, बरोबर आहे ना?" मी तिकिटाच्या मागची योजना मागितली. ती अशी होती. ए ते ई अशा ५ सिरीज, प्रत्येकीत ००००० ते ९९९९९, म्हणजे १ लाख तिकिटं, एकूण ५ लाख. पहिलं बक्षीस १ कोटीचं एक. दुसरं ५ लाखांची दोन. तिसरं ५० हजार, एकच पाच आकडी नंबर पाचही सिरीजला, म्हणजे पाच बक्षिसं. मग शेवटचे चार आकडे जुळले तर २,००० रुपये, असे १० नंबर निघणार. चार आकड्यांवरच ५०० रुपये, त्याचे १०० नंबर. आणि शेवटचे दोन आकडे जुळले तर २०० रुपये, त्याचे ५ नंबर. (एकाच आकड्यावर बक्षीस द्यायला १९९८ च्या लॉटरी कायद्यात मनाई आहे, म्हणून सुरुवात दोन आकड्यांपासून.)

आता हे सगळं मी एका कागदावर मांडलं आणि बेरीज केली. १ कोटी, १० लाख, अडीच लाख, मग २,००० वाली ५०० तिकिटं म्हणजे १० लाख, ५०० वाली ५,००० तिकिटं म्हणजे २५ लाख, २०० वाली २५,००० तिकिटं म्हणजे ५० लाख. एकूण १ कोटी ९७ लाख ५० हजार. याला ५ लाख तिकिटांनी भागलं की आले ३९ रुपये ५० पैसे. म्हणजे ९५ रुपये देऊन आपण सरासरी साडेएकोणचाळीस रुपयांची वस्तू घेतोय. बाकीचे कुठे जातात? तेव्हा लॉटरीवर २८ टक्के जीएसटी होता, १ मार्च २०२० पासून लागलेला, १०० च्या तिकिटात जवळपास २२ रुपये तोच (आता २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय), मग एजंटांची साखळी, छपाई, आणि राज्याचा हिस्सा, कारण शेवटी राज्य लॉटरी चालवतं ते महसुलासाठीच.

मी दादाला म्हणालो, समजा तुम्ही ६०० नाही, अख्खी ५ लाख तिकिटं घेतलीत. पहिलं बक्षीस तुमचं, दुसरं तुमचं, एकही बक्षीस दुसऱ्या कोणाचं नाही. खर्च पावणेपाच कोटी आणि हातात येणार १ कोटी ९७ लाख ५० हजार. पावणेतीन कोटींच्या वर खड्डा. म्हणजे जितकी जास्त घ्याल तितका नुकसानीचा आकडा पक्का होत जातो, कमी नाही होत. एका तिकिटावर काहीही होऊ शकतं. ५ लाखांवर एकच गोष्ट होऊ शकते.

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "पण दुकानदार म्हणतो हमखास."

हमखास कसं ते पण बघू. सलग १०० नंबर घेतले की त्यात ०० पासून ९९ पर्यंत सगळे शेवट एकदा येतातच. दोन आकडी नंबर पाच निघणार, म्हणजे पाच तिकिटांना २०० प्रमाणे १,००० रुपये येणारच, देव आला तरी ते चुकणार नाही. पण ती १०० तिकिटं १० हजारांची, सूट धरून साडेनऊ हजारांची. ६०० सलग घेतली तर ३० तिकिटांना लागणार, ६,००० रुपये. चार आकडी बक्षिसांत सरासरी अजून ४,२०० धरा. मिळून १०,२०० रुपये, खर्च ५७ हजार. हमखास शब्द खरा आहे, फक्त कशाची हमी ते कोणी विचारलंच नाही.

उरलेली सगळी आशा मोठ्या बक्षिसांवर. पहिल्या बक्षिसाची शक्यता ६०० भागिले ५ लाख, म्हणजे ८३३ मध्ये एकदा. दर दिवाळीला असाच ६०० चा गठ्ठा घ्यायचा म्हटलं तर सरासरी ८३३ दिवाळ्या, आणि तेवढं मागे गेलं तर देवगिरीवर यादवांचं राज्य होतं. पहिलं, दुसरं, तिसरं यातलं कुठलंही एक लागण्याची शक्यता जवळपास १०० मध्ये एक. आणि तिसरं ५० हजारांचं एकटंच लागलं तर छोटी बक्षिसं मिळून कसेबसे ५७ हजार सुटतात. म्हणजे १०० पैकी ९९ वेळा हा व्यवहार तोट्यातच संपणार, हे सोडतीच्या आधी, तिकीट हातात घ्यायच्या आधी कागदावर दिसत होतं.

म्हात्रेकाकांचं म्हणणं वेगळं होतं, ते म्हणाले सलग नको, एकच नंबर पाचही सिरीजमध्ये घेऊ, सेट करू, म्हणजे लागलं तर पाच पट लागेल. तिसऱ्या आणि चार आकडी बक्षिसांपुरतं बरोबर आहे, लागलं तर पाच पट, पण मग वेगळे नंबर ६०० ऐवजी १२० च होतात, लागण्याची संधी पाचपट कमी, आणि पहिलं-दुसरं एकेका तिकिटालाच असल्यामुळे तिथे काहीच बदलत नाही. सरासरी तीच साडेएकोणचाळीस. सलग घ्या, सेट घ्या, गुरुवारी घ्या, जन्मतारखेवर घ्या, वरखाली होण्याचं प्रमाण बदलेल पण सरासरीत एक पैशाचाही फरक नाही.

एक मुद्दा मात्र खरंच विचार करण्यासारखा होता आणि तो नितीनने काढला, पोरगं हुशार आहे. योजनेत लिहिलं होतं की पहिलं बक्षीस विकल्या गेलेल्या तिकिटांतूनच काढणार. तो म्हणाला सगळी तिकिटं खपली नाहीत तर आपली शक्यता वाढते ना? वाढते, नक्की वाढते. २ लाखच खपली तर ८३३ च्या जागी ३३३ मध्ये एकदा. पण तेव्हाही हिशोब करा, पहिल्या बक्षिसाचे तिकिटामागे ५० रुपये आणि बाकीच्यांचे साडेएकोणीस, मिळून साडेएकोणसत्तर. अजूनही ९५ च्या खालीच. खप साधारण १ लाख ३२ हजारांपर्यंत खाली गेला तर बरोबरी होते, आणि पहिल्या बक्षिसावरचा इन्कम टॅक्स धरला तर ८६ हजारांच्या आसपास. आणि किती खपली हे सोडतीआधी आपल्याला कोण सांगणार? दिवाळी बंपर तर सगळ्यात जास्त खपणारी.

मग मोबाईलवर वाचलेली परदेशातली उदाहरणं आली. एकाने सगळे नंबर घेऊन जॅकपॉट मारला ना? मारलाय, आणि ती गोष्ट खरी आहे. स्टेफान मँडेल नावाच्या माणसाच्या गटाने १९९२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया लॉटरीत असं केलं. तिथे ४४ मधले ६ आकडे निवडायचे होते, एकूण जोड्या ७०,५९,०५२, तिकीट १ डॉलरला, आणि जॅकपॉट न लागता साठत साठत २ कोटी ७० लाख डॉलरवर गेलेला. ७० लाखात सगळ्या जोड्या येतात आणि बक्षीस २७० लाखांचं, म्हणजे गणित उलटं झालेलं. तरी वेळ कमी पडला, सुमारे ५० लाख तिकिटंच घेता आली, आणि लागलेली जोडी त्यात होती म्हणून वाचले, आणि पैसे सुद्धा एकरकमी नाही, २० वर्षं हप्त्यांनी. मॅसॅच्युसेट्सला कॅश विनफॉल म्हणून लॉटरी होती, तिथे जॅकपॉट २० लाख डॉलरला पोचूनही कोणाला लागला नाही की तो पैसा खालच्या बक्षिसांत वाटला जायचा, त्या ठराविक सोडतींना एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा गट आणि अजून एकदोन गट लाखो डॉलरची तिकिटं घ्यायचे आणि खरंच फायद्यात राहायचे, २०१२ ला ती लॉटरी बंद झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेक्सासला पण एका गटाने २ कोटी ५८ लाख जोड्यांपैकी जवळपास सगळ्या घेऊन साडेनऊ कोटी डॉलरचा जॅकपॉट नेला.

या तिन्हींत समान काय? न लागलेला पैसा पुढच्या सोडतीत साठत होता. जुन्या लोकांनी हरलेले पैसे पुढच्याच्या बक्षिसात येत होते, म्हणून एखाद्या आठवड्यापुरती तिकिटाची किंमत त्याच्या सरासरी बक्षिसापेक्षा कमी व्हायची. आपल्या कागदी बंपरमध्ये असं काही साठत नाही. दर वेळी नवीन योजना, नवीन छापील बक्षिसं, पाटी कोरी. त्यामुळे त्या गोष्टी ऐकून ठाण्यात गठ्ठा घेणं म्हणजे दुसऱ्याच्या गावातला पाऊस बघून आपल्या शेतात पेरणी करणं. हे मी त्यांना कळकळीने सांगितलं, दोन दिवस सांगितलं.

ऐकलं का? नाही. पैसे जमायला लागले होते आणि एकदा वर्गणी सुरू झाली की मागे फिरायला कोणीच तयार नसतं, मी नाही दिले आणि नेमकं लागलं तर, ही भीती फार मोठी असते. नुकसानीपेक्षा पण मोठी. पवारांनी तर मला सरळ सांगितलं की मला माहितेय लागणार नाही, पण बाकी सात जणांना लागलं आणि मीच नव्हतो तर मी रोज कामावर कसा येऊ. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

म्हटलं ठीक आहे, घेताच आहात तर निदान लिहून घ्या. इथे माझं ऐकलं ते बरं झालं. लॉटरीचं तिकीट ज्याच्या हातात त्याचं, मागे नाव सही ज्याची त्याचं बक्षीस, उद्या १ कोटी लागले तर हे ८ जणांचं आहे हे कशावरून? बेरीज केली होती त्याच वहीच्या पानाच्या दुसऱ्या बाजूला मी लिहिलं, सिरीज सी, नंबर ४१२०० ते ४१७९९, कोणाचे किती वाटे, कोणी किती पैसे दिले, आठही जणांच्या सह्या, सोडतीच्या आधीची तारीख, आणि सगळ्यांनी त्याचा फोटो काढून आपापल्या मोबाईलवर ठेवला. केरळच्या परप्पनंगडीतल्या हरित कर्म सेनेच्या, म्हणजे घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ११ बायकांचं उदाहरण मी त्यांना दिलं. २०२३ च्या मान्सून बंपरचं २५० रुपयांचं एकच तिकीट त्यांनी मिळून घेतलं, नऊ जणींनी २५ रुपये घातले आणि दोघींनी मिळून २५, आणि १० कोटी लागले. साडेबारा रुपये दिलेल्या बाईचा वाटा किती हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. आणि लक्षात घ्या, त्यांनी गठ्ठा नव्हता घेतला, एकच तिकीट होतं.

लिहायला बसल्यावरच पहिली ठिणगी पडली. नितीनने २,००० च दिले होते, उरलेले २,७५० पगार झाल्यावर देतो म्हणाला. म्हात्रेकाका म्हणाले मग त्याचा वाटा पूर्ण कसा धरायचा, लागल्यावर पैसे आणून देणारा काय कोणीही होईल. अर्धा तास वादावादी. शेवटी दादाने त्याचे २,७५० भरले. आणि तेव्हा मला कळलं की दादा पैसे आणतोय कुठून. त्या महिन्यात त्याची भिशी लागली होती, १० जणांची २,००० ची, म्हणजे २० हजार, आणि ते पोरीच्या क्लासच्या दुसऱ्या हप्त्यासाठी ठरलेले होते. ३ वाटे १४,२५० आणि नितीनचे २,७५०, १७ हजार गेले. हातात ३ हजार. वहिनीला माहीतच नव्हतं.

ते ऐकून मला राग आला, खरंच आला, आणि तो मी त्याच्यावर काढला. तो एवढंच म्हणाला की पोरीसाठीच तर करतोय. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या घरांच्या सोडतीत विरार बोळींज आणि शिरढोण दोन्हीकडे अर्ज केला होता त्याने, लागलं नव्हतं, आणि त्याच्या मते ही पण लॉटरीच ती पण लॉटरीच. पण तिथे नंबर नाही लागला तर अनामत परत येते, अर्जामागे ५९० रुपये जातात फक्त. इथे परत येण्यासारखं काही नसतं.

सोडत झाली. निकाल मोबाईलवर आला तेव्हा सगळे रोड नंबर १६ च्या चहाच्या टपरीवर. पहिलं बक्षीस सिरीज सी, नंबर ४२१८७. आपल्या शेवटच्या तिकिटापासून ३८८ नंबर पुढे, सिरीज पण तीच. दादाच्या तोंडून "अरे थोडक्यात गेलं" निघालं आणि सगळे तेच म्हणायला लागले, अजून शंभराचे चार गठ्ठे घेतले असते तर. मला यातलं हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं. नंबर चिठ्ठीसारखा उचलला जातो, ३८८ जवळ असो की ३८ हजार लांब, दोन्ही सारखेच हुकलेले. जवळचा हुकला म्हणून पुढच्या वेळी जवळ येत नाही. पण माणसाच्या मनाला ते पटत नाही, माझ्याही पटकन नाही पटलं, दोन मिनिटं माझं पण काळीज धडधडलं होतं.

लागलं काय? २०० ची ३०, ते ठरलेलंच होतं, ६,०००. ५०० ची ४, म्हणजे २,०००. २,००० चं एक. एकूण १० हजार. तिकिटं शोधायलाच दोन तास गेले, ६०० तिकिटं आणि ११५ नंबर तपासायचे होते. वाट्याला आले ८३३ रुपये. ४,७५० गेले, ८३३ आले.

टॅक्सचं पण सांगतो कारण हे बहुतेकांना माहीतच नसतं. लॉटरीच्या बक्षिसावर सरळ ३० टक्के टॅक्स, वर सेस, तुमचा पगार कितीही कमी असो, बेसिक सूट नाही, ८०सी सारखी गुंतवणुकीची वजावट नाही. आणि गठ्ठ्याने घेणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट म्हणजे तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. ५७ हजार घालवून १० हजार मिळाले तरी कायद्याच्या भाषेत ते १० हजारांचं उत्पन्न, ४७ हजारांचा तोटा कुठेच दाखवता येत नाही. दादाच्या २,५०० वर ७८० रुपये टॅक्स होतो आणि रिटर्न मीच भरतो म्हणून मी ते दाखवले, तो म्हणाला हे कसलं उत्पन्न. १ कोटी लागले असते तर सरचार्ज धरून ६४-६५ लाख हातात आले असते, ते १२ वाट्यांत ५ लाख ४० हजारांच्या आसपास, आणि टीडीएस ज्याने क्लेम केला त्याच्याच पॅनवर कापला गेला असता, मग बाकी सात जणांना वाटे देताना तेच वहीचं पान बँकेला आणि टॅक्सला दाखवावं लागलं असतं. जेवणाच्या सुट्टीत १ कोटी १ कोटी चाललं होतं तेव्हा एकाच्याही डोक्यात हा ५ लाख ४० हजारांचा आकडा नव्हता. तो आधी सांगितला असता तर कदाचित चार जण थांबले असते असं मला आता वाटतं. शक्यतेचं गणित सांगण्यात मी दोन दिवस घालवले, हे सांगायचं राहून गेलं.

वहिनीला क्लासवाल्यांचा फोन आल्यावर कळलं. ती भांडली नाही, चार दिवस बोललीच नाही. मग एक दिवस डबा द्यायला वर्कशॉपला आली आणि माझ्याकडे ते वहीचं पान मागितलं, पूर्ण वाचलं, नितीनच्या नावापुढचे २,७५० बघितले आणि विचारलं, "भाऊजी, हे तरी परत येणार ना?" आले, दोन पगारांत नितीनने दिले. फीसाठी १२ हजार मी दिले, दादा महिन्याला हजार करून फेडत होता, वर्षभरात ते फिटले, पोरगी बारावी पास झाली.

पाडव्याला दादाने एक तिकीट घेतलं, १०० चं, वहिनीला सांगून. वर्कशॉपमध्ये गठ्ठ्याचा विषय परत एकदा पवारांनीच काढला होता. दादाने मला ते वहीचं पान आणायला सांगितलं, त्याच्या मागच्या बाजूला मी तेव्हा केलेली बेरीज तशीच आहे, ३९ रुपये ५० पैसे, ती त्याने स्वतः त्यांना समजावून सांगितली.